पाठीमागें उभा राहणारा खेळाडू

मेहकरहून मालेगांवकडे जाणाऱ्या रस्त्यावर डोणगांव हें बुलढाणा जिल्ह्यांतील गांव लागतें. अशा गांवीं संध्याकाळच्या वेळीं शाळेच्या पटांगणावर मोठा चेंडू आला, कीं जें घडतें तें महाराष्ट्रांतील कोणत्याहि गांवीं घडतें. दोन्ही टोकांस विटा किंवा दप्तरें ठेवून गोल मांडला जातो, दोन तट पडतात आणि लागलीच भांडणाला आरंभ होतो. पुढें कोणीं खेळावयाचें याचें तें भांडण असतें. गोल करण्याचा मान प्रत्येकाला हवा असतो. अखेर जो फार चपळ नाहीं, जो अंगानें थोराड आहे किंवा ज्याचें कोणी ऐकत नाहीं, अशा मुलाला सांगण्यांत येतें, 'तूं मागें उभा राहा.' मुलगा खट्टू होऊन मागें जातो.

या मुलावर अन्याय झाला आहे असें आपणांस वाटेल. परंतु फुटबॉलच्या खेळांत मागें उभें राहणें ही शिक्षा नव्हे. ती एक स्वतंत्र विद्या आहे. ती सावकाश येते, ती येण्यास पुष्कळ सामने खेळावे लागतात, आणि ते सामने खेळण्यास कोणी तरी जागा द्यावी लागते. ही जागा कोठें मिळते आणि कोठें मिळत नाहीं, यावर अशा मुलाचें पुढील सर्व आयुष्य अवलंबून असतें.

प्रथम या विद्येचें स्वरूप पाहूं. प्रत्येक संघांत अकरा गडी असतात. त्यांपैकीं एक गोलरक्षक; बाकीच्या दहांपैकीं साधारणतः चार जण हल्लींच्या पद्धतींत बचावाच्या फळींत असतात. दोघे मध्यभागीं आणि दोघे दोन्ही कडांना. प्रतिपक्षाचा आघाडीचा गडी चेंडू घेऊन अंगावर येतो तेव्हां त्याच्या पायांतून चेंडू काढून घेणें हें बचावाचें काम, अशी सामान्य प्रेक्षकाची समजूत असते. ती खोटी नाहीं, पण अपुरी आहे. चेंडूवर झेप घ्यावी लागणें हा पुष्कळदां अगोदर झालेल्या चुकीचा परिणाम असतो. जो बचावपटु पांच पावलें आधींच योग्य जागीं जाऊन उभा राहिला, त्याला झेप घ्यावीच लागत नाहीं. प्रतिपक्षाचा गडी वर पाहतो, वाट बंद असल्याचें त्याला दिसतें आणि तो चेंडू मागें वळवितो. प्रेक्षकांच्या दृष्टीनें कांहींच घडलें नाहीं. परंतु तें 'कांहींच न घडणें' हेंच त्या बचावपटूचें कर्तृत्व होय.

याशिवाय चौघांनीं एका रेषेंत राहण्याचें कसब आहे. फुटबॉलमध्यें ऑफसाइडचा नियम आहे. प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानांत, चेंडूच्या पुढें असलेल्या गड्याकडे त्याचा सोबती चेंडू मारतो त्या क्षणीं, गोलरेषेच्या बाजूस विरुद्ध पक्षाचे निदान दोन गडी असावे लागतात. नसल्यास तो गडी नियमबाह्य ठरतो. १९२५ पूर्वीं हे गडी तीन असावे लागत. त्या वर्षीं तिनाचे दोन झाले, आघाडीच्या खेळाडूंना मोकळीक मिळाली आणि इंग्लंडांत गोलांचा पाऊस पडूं लागला. तेव्हां मध्यभागीं खेळणाऱ्या एका गड्याला मागें ओढून घेण्याची पद्धति रूढ झाली, आणि लंडनच्या आर्सेनल संघाचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनीं तिला पक्कें रूप दिलें. बचावाच्या मध्यभागीं ठाण मांडून बसणारा जो गडी आज आपण पाहतो, त्याचा जन्म असा एका शब्दाच्या फेरफारांतून झाला. या रेषेंतील एक जण जरी अर्ध्या पावलानें मागें राहिला, तरी इतर तिघांचें शहाणपण फुकट जातें. म्हणून बचावपटु एकट्यानें शिकूं शकत नाहीं. चेंडू पायावर नाचविण्याचा सराव घराच्या अंगणांत होतो. रेषा धरण्याचा सराव केवळ सामन्यांतच होतो.

या विद्येचा मान ज्या देशानें विशेष राखला त्यांत स्कॉटलंडची गणना करावी लागेल. दोन राष्ट्रांमधील पहिला अधिकृत फुटबॉल सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजीं ग्लासगो शहरीं एका क्रिकेटच्या मैदानावर इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामध्यें झाला. स्कॉटलंडचे अकराहि गडी क्वीन्स पार्क या एकाच क्लबाचे होते. सामन्याचा निकाल काय लागला? शून्याविरुद्ध शून्य. एकहि गोल झाला नाहीं. आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा इतिहास अशा रीतीनें बचावाच्या यशानेंच सुरू झाला आहे.

हिंदुस्थानांत हा खेळ आला तोहि बव्हंशीं पलटणींबरोबर, आणि त्यांत स्कॉटिश पलटणी आघाडीवर होत्या. १८८८ सालीं सिमल्यास ड्यूरंड चषकाची स्पर्धा सुरू झाली; पहिल्या अंतिम सामन्यांत रॉयल स्कॉट्स फ्यूझिलियर्स आणि हायलँड लाइट इन्फंट्री या दोन स्कॉटिश पलटणीच एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या, आणि पहिलीनें दुसरीचा दोन विरुद्ध एक असा पराभव केला. तीनच वर्षांनीं, १८९१ मध्यें, मुंबईस रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली. म्हणजे मुंबईची या खेळाशीं ओळख सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. असें असतां स्कॉटलंडांतील मुलगा आणि महाराष्ट्रांतील मुलगा यांच्या वाटांत एवढें अंतर कां पडावें?

याचें उत्तर एका स्कॉटिश बचावपटूच्या चरित्रांत सांपडतें. अँड्र्यू रॉबर्टसन याचा जन्म ११ मार्च १९९४ रोजीं ग्लासगो येथें झाला. लहानपणीं तो सेल्टिक या बलाढ्य क्लबाच्या शिक्षणवर्गांत होता. पंधराव्या वर्षीं त्याला तेथून काढून टाकण्यांत आलें. ज्या मुलाला मोठ्या क्लबानें नाकारलें त्याची कथा पुष्कळ देशांत येथेंच संपते. रॉबर्टसनची संपली नाहीं, कारण खालीं दुसरी पायरी होती. तो क्वीन्स पार्कमध्यें गेला. १८७२ सालीं सबंध राष्ट्राचा संघ पुरविणारा हा क्लब २०१२ सालीं स्कॉटिश साखळीच्या चौथ्या, म्हणजे सर्वांत खालच्या, वर्गांत होता आणि अद्यापि हौशी होता; खेळाडूंना वेतन नसे. रॉबर्टसन हॅम्पडन पार्कच्या कचेरींत तिकिटांसाठीं येणारे दूरध्वनी घेई आणि शनिवारीं खेळे. एका हंगामानंतर, २०१३ मध्यें, डंडी युनायटेडनें त्याला घेतलें; २०१४ मध्यें तो इंग्लंडांत हल सिटीकडे आणि २०१७ मध्यें लिव्हरपूलकडे गेला. २०१८ मध्यें तो स्कॉटलंडचा कर्णधार झाला आणि १ जून २०१९ रोजीं युरोपांतील क्लबांचें अजिंक्यपद जिंकणाऱ्या लिव्हरपूल संघांत डाव्या बाजूचा बचाव त्यानेंच सांभाळला. नाकारलें गेल्यापासून या दिवसापर्यंत दहा वर्षें लागलीं.

रॉबर्टसनचें कौतुक करतांना त्या शिडीला विसरून चालणार नाहीं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय साखळींत चार वर्ग आहेत आणि त्यांत मिळून ४२ क्लब खेळतात. त्यांच्याखालीं प्रांतिक साखळ्या आहेत त्या निराळ्या. देश केवढा? २०११ च्या शिरगणतींत स्कॉटलंडची लोकसंख्या सुमारें ५३ लक्ष भरली. त्याच वर्षीं आपल्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या जवळजवळ २६ लक्ष होती. बुलढाण्यासारखे दोन जिल्हे एकत्र केले तर जेवढी वस्ती होईल, तेवढ्या वस्तींत ४२ संघ दर आठवड्यास नियमानें सामने खेळतात! एकानें नाकारलें तर दुसऱ्याचें दार ठोठावतां येतें. मोठे क्लबहि आपल्या तरुण बचावपटूंना वर्ष-सहा महिन्यांसाठीं लहान क्लबांकडे उसने पाठवितात. तेथें पावसांत, चिखलांत, वयानें मोठ्या आणि अंगानें दांडग्या आघाडीवीरांसमोर तो मुलगा उभा राहतो, चुका करतो, गोल खातो आणि शहाणा होतो. गोलरक्षक व बचावपटु हे उशिरा पिकणारे खेळाडू आहेत. आंबा अढींत घालावा त्याप्रमाणें त्यांना या खालच्या पायऱ्यांवर कांहीं काळ ठेवावें लागतें.

आतां मुंबईकडे वळूं. मुंबईंत ६ डिसेंबर १९९० रोजीं जन्मलेला राहुल भेके हा आजच्या भारतीय बचावपटूंपैकीं एक अग्रगण्य खेळाडू होय. ज्या वयांत रॉबर्टसन दूरध्वनी घेत क्वीन्स पार्कमध्यें खेळत होता, त्या वयाचा भेके होत होता तेव्हां मुंबईच्या फुटबॉलची काय स्थिति होती? रोव्हर्स चषकाची जुनी स्पर्धा नव्या शतकाच्या आरंभींच बंद पडली होती. १९६२ सालीं स्थापन झालेला आणि २००५-०६ मध्यें राष्ट्रीय साखळी जिंकलेला महिंद्र युनायटेड हा नामांकित संघ २०१० मध्यें विसर्जित झाला. एअर इंडियाचा संघ २०१३ नंतर राष्ट्रीय साखळींतून बाहेर पडला. २००७ मध्यें स्थापन झालेला मुंबई एफ. सी. हा क्लबहि दहा वर्षांच्या आंतच मैदानांतून नाहींसा झाला. एकेक संघ बुडाला म्हणजे केवळ एक नांव पुसलें जात नाहीं. त्या संघाचे तरुण, त्याचे शिक्षक, त्याच्या सरावाचें मैदान आणि त्याच्याकडे आशेनें पाहणारी गल्लीगल्लींतील मुलें या सर्वांची पायरी एकदम खचते.

अशा परिस्थितींत मुंबईच्या मुलाला पायऱ्या परमुलखांत शोधाव्या लागल्या. भेके कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडून खेळला. २०१५ मध्यें केरळ ब्लास्टर्स आणि २०१६ मध्यें पुणे सिटी या संघांतून भारतीय सुपर लीगमध्यें उतरला. २०१७ मध्यें तो बंगळूर एफ. सी. कडे गेला आणि तेथें स्थिर झाला. कधीं त्याला उजव्या कडेला उभें केलें, कधीं मध्यभागीं. बचावाच्या दोन्ही जागा सांभाळणारा खेळाडू संघाला फार उपयोगी पडतो, परंतु वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तो सहसा येत नाहीं.

मथळ्यांत तो आला तो १७ मार्च २०१९ रोजीं, आणि योगायोग असा कीं तो दिवस त्याच्या जन्मगांवींच उगवला. अंधेरीच्या मैदानावर बंगळूर आणि गोवा या संघांत सुपर लीगचा अंतिम सामना होता. बरोबर एक वर्षापूर्वीं, १७ मार्च २०१८ रोजीं, बंगळूरनें आपल्याच मैदानावर चेन्नईच्या संघाविरुद्ध अंतिम सामना गमावला होता. त्या दिवशीं चेन्नईच्या तीन गोलांपैकीं दोन मैलसन आल्व्हिस या ब्राझिलियन बचावपटूनें कॉर्नरवरून डोक्यानें केले होते. अंधेरीस ९० मिनिटें संपलीं, गोल नाहीं. अधिक वेळ सुरू झाला. त्यांत गोव्याचा एक गडी बाहेर काढला गेला, तरीहि गोल नाहीं. ११७ व्या मिनिटास बंगळूरला कॉर्नर मिळाला. अशा वेळीं उंच बचावपटु आपली जागा सोडून प्रतिपक्षाच्या गोलाकडे जातात, कारण हवेंतून येणारा चेंडू डोक्यानें परतवून लावण्याची संवय त्यांनाच सर्वाधिक असते. ज्या डोक्यानें वर्षानुवर्षें चेंडू गोलापासून दूर घालवावयाचा, त्याच डोक्यानें तो या एका क्षणीं गोलांत घालावयाचा. भेकेनें उडी घेतली, चेंडू डोक्यावर घेतला आणि तो जाळ्यांत गेला. सामना एक विरुद्ध शून्य असा संपला. बंगळूरला तें अजिंक्यपद प्रथमच मिळालें.

त्या रात्रीं सर्वांच्या तोंडीं भेकेचें नांव झालें. परंतु यांत एक विरोधाभास आहे. त्या ११७ व्या मिनिटापूर्वीं जी ११६ मिनिटें गेलीं, त्यांत गोव्याला एकहि गोल करतां आला नाहीं. ती कामगिरी बचावाची, म्हणजे भेकेच्या खऱ्या धंद्याची होती. तिचें वर्णन कोणी केलें नाहीं. बचावपटूला कीर्ति मिळते ती पुष्कळदां त्याचें नसलेलें काम केल्याबद्दल. रखवालदारानें एके दिवशीं सुरेख गाणें म्हणावें आणि लोकांनीं वर्षभराच्या पहाऱ्याऐवजीं त्या गाण्याचें स्मरण ठेवावें, तशांतला हा प्रकार आहे.

या यशानंतर तीन महिन्यांच्या आंत, ५ जून २०१९ रोजीं, थायलंडमध्यें क्युरासोविरुद्ध भेके प्रथमच भारताकडून खेळला. त्या वेळीं त्याचें वय २८ वर्षांचें होतें. तो सामना भारतानें तीन विरुद्ध एक असा गमावला. परंतु त्याच वर्षीं १० सप्टेंबर रोजीं जो सामना झाला त्याची आठवण ठेवण्यासारखी आहे. कतारचा संघ त्या वर्षींच आशियाचा विजेता झाला होता, आणि विश्वचषकाच्या पात्रताफेरींत दोहा येथें भारताची त्याच्याशीं गांठ होती. कर्णधार सुनील छेत्री आजारामुळें खेळूं शकला नाहीं. बचावाच्या फळींत उजव्या कडेस मुंबईचा भेके, मध्यभागीं संदेश झिंगन आणि आदिल खान, तर डाव्या कडेस गोव्याचा मंदार राव देसाई होता. त्यांच्यामागें गुरप्रीतसिंग गोलरक्षणास उभा. मार्च महिन्यांत परस्परविरोधी क्लबांचे असलेले भेके आणि देसाई आतां एकाच रेषेचीं दोन टोकें झाले होते. कतारनें हल्ल्यामागून हल्ले केले. ९० मिनिटें ती रेषा वांकली, पण मोडली नाहीं. निकाल लागला शून्याविरुद्ध शून्य. ग्लासगोच्या त्या पहिल्या सामन्याचाच निकाल. भारतीय संघ मैदानावरून परतला तो विजयी संघासारखा.

पुढील वर्षांत भेके मुंबई सिटी या क्लबांत परतला. ११ एप्रिल २०२२ रोजीं रियाध येथें आशियाई चँपियन्स लीगमध्यें इराकच्या एअर फोर्स क्लबाविरुद्ध त्यानें पुन्हा डोक्यानें गोल करून सामना दोन विरुद्ध एक असा जिंकून दिला. त्या स्पर्धेंत भारतीय क्लबानें मिळविलेला हा पहिला विजय. ४ मे २०२४ रोजीं कलकत्त्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानविरुद्ध सुपर लीगचा अंतिम सामना झाला तेव्हां तो मुंबईचा कर्णधार होता. मुंबई आधीं एका गोलानें मागें पडली आणि मग तीन गोल करून जिंकली. ज्या शहरीं पायरी शोधीत जावें लागलें होतें, त्याच शहरीं आपल्या जन्मगांवच्या संघाचा कर्णधार म्हणून त्यानें चषक उचलला. तेव्हां तो तेहतीस वर्षांचा होता. त्याच उन्हाळ्यांत तो पुन्हा बंगळूरकडे गेला.

ही कथा येथें थांबविली तर ती सुखान्त होईल. पण मग ती पुरी होणार नाहीं. २०२५ च्या जुलै महिन्यांत सुपर लीगचा पुढील हंगाम व्यापारी हक्कांच्या कराराचा निर्णय न झाल्यामुळें स्थगित करण्यांत आला. ऑगस्टमध्यें बंगळूर क्लबानें आपल्या मुख्य संघाचे खेळाडू व कर्मचारी यांचें वेतन थांबवीत असल्याचें जाहीर केलें. सप्टेंबरच्या सुमारास सुरू व्हावयाची साखळी त्या वेळीं सुरू झालीच नाहीं. सर्वांत वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या, देशासाठीं खेळलेल्या माणसांचीहि ही अवस्था झाली. मग तळाच्या पायरीकडे पाहणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाची काय कथा? आघाडीच्या एखाद्या मुलाची असामान्य चपळाई एखाद्या स्पर्धेंत कोणाच्या तरी डोळ्यांत भरते आणि त्याचें नशीब उघडतें. बचावपटूचें तसें नाहीं. त्याचा गुण एका सामन्यांत दिसत नाहीं. वीस सामने पाहिल्यावर संघानें गोल कमी खाल्ले एवढेंच ध्यानांत येतें. जेथें वीस सामने होतच नाहींत तेथें हा गुण असूनहि नसल्यासारखा राहतो.

तेव्हां पुन्हा डोणगांवच्या पटांगणाकडे जाऊं. ५ जून २०२५ रोजीं समृद्धि महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला. मेहकर तालुक्यांतून जाणारा हा ७०१ किलोमीटरांचा रस्ता नागपूर आणि मुंबई यांना जोडतो, आणि या भागांतील मुलाला मुंबई आतां रात्रभराच्या प्रवासाइतकी दूर राहिलेली नाहीं. हा रस्ता एकदम झाला नाहीं. तो टप्प्याटप्प्यानें खुला होत गेला, आणि मधला एक टप्पा जरी राहिला असता तरी तो पूर्ण म्हणतां आला नसता. फुटबॉलची वाट मात्र अद्यापि अशी टप्प्यांनीं जोडलेली नाहीं. तालुक्याच्या शालेय स्पर्धेंत मुलगा एक-दोन सामने खेळतो, संघ हरतो आणि वर्ष संपतें. अमरावतीच्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९१४ पासून वऱ्हाडांत व्यायामाची आवड रुजविली आहे. क्रीडाशिक्षक तेथून शिकून बाहेर पडतात. कोल्हापुरांत तर तालमींच्या नांवांनीं चालणारे फुटबॉलचे संघ शाहू मैदानावर दरवर्षीं हजारों प्रेक्षक खेंचतात. म्हणजे आवड नाहीं असें नव्हे, शिक्षक मिळणार नाहींत असेंहि नव्हे. उणीव आहे ती नेमानें होणाऱ्या सामन्यांची. मेहकरचा, चिखलीचा, खामगांवचा, वाशिमचा असे संघ पावसाळा संपल्यापासून उन्हाळा लागेपर्यंत दर रविवारीं एकमेकांशीं खेळूं लागले, तर त्याला फार मोठें भांडवल लागणार नाहीं. दोन गोलखांब, एक चेंडू, एक नियम जाणणारा पंच आणि न चुकतां येणारा रविवार, एवढेंच लागेल.

असें झालें म्हणजे डोणगांवांतून भेके किंवा रॉबर्टसन निघेलच, असें वचन कोणी देऊं शकणार नाहीं. परंतु ज्या मुलाला 'तूं मागें उभा राहा' असें सांगितलें जातें, त्याला मागें उभें राहून काय करावयाचें हें शिकण्याची संधि तरी मिळेल. आणि पुढच्या खेपेस आपण एखादा सामना पाहूं तेव्हां चेंडूवरची नजर क्षणभर काढून त्या मागल्या चौघांकडे पाहावें. प्रतिपक्षाचा गडी थबकला, वर पाहून मागें वळला आणि कांहींच घडलें नाहीं असें वाटलें, तर तेथें कोणी तरी आपलें काम चोख बजावलें आहे असें खुशाल समजावें.